गावचे सांडपाणी, शासनाचा निधी आणि उताराची शेती



गावाच्या उताराला ज्यांची जमीन आहे त्यांना सांडपाण्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. गटार जिथे संपते तिथून त्यांचा बांध सुरू होतो. पावसाळ्यात ते पाणी वाहून जाते, पण दिवाळीनंतर बांधालगतच्या दोन-चार सऱ्या कायम ओल्या राहतात. तिथे लव्हाळा व हरळी माजते आणि पुढे जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो. विहीर जवळ असेल तर उन्हाळ्यात पाण्याला वास येतो. घरातील मंडळी ते पाणी पिण्याचे सोडतात, जनावरे मात्र पीत राहतात.

पूर्वी हा प्रश्न एवढा मोठा नव्हता. आडावरून डोक्यावर आणलेले पाणी जपून वापरले जाई आणि न्हाणीचे पाणी परसातल्या केळीला किंवा अळवाला जाई. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातील नळाने देण्याचे उद्दिष्ट ठरले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ६५ ते ७० टक्के पाणी आंघोळ, धुणी व भांडी होऊन पुन्हा घराबाहेर पडते. नळ घरोघरी आला, न्हाणीखालची केळ गेली, आणि ते सर्व पाणी गटाराने शिवारात आले.

या पाण्याच्या व्यवस्थेसाठी शासनाकडून गावाला पैसा मिळतो. तो किती, कोणत्या वाटेने येतो, कशावर खर्च करावा आणि कशावर करू नये, हे शेतकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे. कारण आराखडा चुकला तर त्याची किंमत ग्रामपंचायत मोजत नाही, उताराचा शेतकरी मोजतो.

सांडपाणी आणि मैलापाणी यांतील फरक

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. न्हाणी, मोरी व धुण्याचे पाणी म्हणजे सांडपाणी. शौचालयातून येते ते मैलापाणी. सांडपाण्यात साबण, सोडा, तेलकटपणा, अन्नाचे कण व थोडे रोगजंतू असतात. ते जमिनीत मुरविणे किंवा थोड्या प्रक्रियेने वापरणे अवघड नाही. मैलापाण्यात जंतांची अंडी व आतड्याच्या रोगांचे जंतू फार मोठ्या प्रमाणात असतात आणि त्यावरील प्रक्रिया अधिक काळजीची व खर्चाची असते.

अनेक गावांत शौचालयाच्या सेप्टिक टँकचा वरचा पाइप सरळ गटारात सोडलेला आढळतो. सेप्टिक टँकमध्ये घाण फक्त निवळते, पाणी शुद्ध होत नाही. त्यामुळे दहा घरांनी असे पाइप सोडले की साऱ्या आळीचे सांडपाणी मैलापाणी होते. गावाला मिळणारा सांडपाण्याचा निधी हा साध्या सांडपाण्याचा हिशेब धरून ठरविलेला असतो, हे येथे लक्षात ठेवावे. आराखडा करण्यापूर्वी असे पाइप शोधून ते वेगळ्या शोषखड्ड्यात वळविणे हे पहिले काम होय. त्याला फारसा पैसा लागत नाही. मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाईटपणा घ्यावा लागतो, आणि म्हणूनच ते काम राहून जाते.

पैसा कोठून येतो

ग्रामीण भागासाठी अलीकडच्या काळातील मुख्य मार्ग स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) चा दुसरा टप्पा हा राहिला. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र शासनाने त्याला मंजुरी दिली आणि २०२०-२१ पासून तो राबविण्यात आला. पहिल्या टप्प्यात भर शौचालयांवर होता. दुसऱ्या टप्प्यात घनकचरा व सांडपाणी हे विषय आले. सांडपाण्यासाठी मापदंड असा ठरला: ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावास माणशी जास्तीत जास्त २८० रुपये, आणि त्याहून मोठ्या गावास माणशी जास्तीत जास्त ६६० रुपये. घनकचऱ्याचे पैसे निराळे, लहान गावास माणशी ६० व मोठ्या गावास ४५ रुपये. अगदी लहान वाडीवस्तीलाही दोन्ही मिळून किमान १ लाख रुपयांपर्यंत काम करता येईल अशी सोय ठेवली होती.

या रकमेतील ७० टक्के वाटा मिशनचा आणि ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून घालावयाचा, असे ठरले. मिशनच्या वाट्यात महाराष्ट्रासाठी केंद्राचे ६० व राज्याचे ४० असे प्रमाण आहे.

आता हिशेब करून पाहू. समजा, आपल्या गावची लोकसंख्या २,००० आहे. २८० रुपयांप्रमाणे ५ लाख ६० हजार रुपये होतात. त्यांपैकी ३ लाख ९२ हजार मिशनचे, म्हणजे केंद्राचे २ लाख ३५ हजार २०० आणि राज्याचे १ लाख ५६ हजार ८००. उरलेले १ लाख ६८ हजार ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या पैशातून द्यावयाचे. गाव ६,००० वस्तीचे असेल तर एकूण रक्कम ३९ लाख ६० हजार होते आणि ग्रामपंचायतीचा वाटा ११ लाख ८८ हजार येतो.

या मापदंडातील एक गंमत पाहा. ४,९०० वस्तीच्या गावाला जास्तीत जास्त १३ लाख ७२ हजार, तर ५,१०० वस्तीच्या गावाला ३३ लाख ६६ हजार. दोनशे माणसांच्या फरकाने रक्कम जवळजवळ अडीच पट होते. मोठ्या गावात घरे दाटीने असतात, परसात जागा नसते आणि सामूहिक व्यवस्थाच करावी लागते, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण हद्दीवरच्या गावांनी आपली नोंदलेली लोकसंख्या तपासून घेणे बरे.

वित्त आयोगाचा पैसा कसा असतो तेही थोडक्यात पाहू. पंधराव्या आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम बंधित ठेवली होती. त्यातील अर्धी स्वच्छता व हागणदारीमुक्त स्थिती टिकविण्यासाठी, आणि अर्धी पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेली ४० टक्के रक्कम अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेनुसार वापरावयाची. मात्र पगार व कार्यालयीन खर्चासाठी नव्हे. राज्यात या अनुदानाचा ८० टक्के भाग ग्रामपंचायतींना व १०-१० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला मिळत असे. सांडपाण्याचा पुनर्वापर हा दुसऱ्या अर्ध्यातही बसतो, ही गोष्ट बऱ्याच गावांच्या ध्यानात आली नाही.

२०२६-२७ ते २०३०-३१ हा सोळाव्या वित्त आयोगाचा कालावधी आहे. योजनांची नावे व टक्केवारी दर पाच वर्षांनी बदलत असतात. म्हणून ग्रामसभेला जाण्यापूर्वी पंचायत समितीच्या पाणी व स्वच्छता कक्षात जाऊन लागू असलेले परिपत्रक मागून घ्यावे आणि वरील हिशेब आपल्या गावापुरता नव्याने मांडावा. पद्धत हीच राहते.

गटार बांधणे म्हणजे सांडपाण्याची व्यवस्था नव्हे

२८० रुपये माणशी म्हणजे पाच माणसांच्या घरामागे १,४०० रुपये. एवढ्या पैशात काय होऊ शकते याचा शांतपणे विचार करावा. शहरासारखी भुयारी गटारे, पंप आणि विजेवर चालणारे शुद्धीकरण केंद्र यात बसत नाही. तरीही या निधीचे गावात पहिले काय होते, तर सिमेंटचे गटार. गटार सर्वांना दिसते, त्याचे मोजमाप सोपे असते, बिल लवकर निघते आणि ज्या आळीत ते होते ती आळी खूश असते. आपल्या तालुक्यातील चालू दरसूचीप्रमाणे एक मीटर बंदिस्त गटाराचा खर्च काढा आणि त्याने ५ लाख ६० हजारांना भागा. किती मीटर गटार होईल ते कळेल, आणि निधी तिथेच संपेल हेही कळेल.

गटाराने पाणी शुद्ध होत नाही. ते पाणी एका जागेहून दुसऱ्या जागी नेते. पूर्वी शंभर घरांचे पाणी शंभर परसांत मुरत होते. गटाराने ते एकत्र होऊन एका शेतकऱ्याच्या बांधावर पडते. आमच्या मते ज्या आराखड्यात गटाराच्या शेवटच्या टोकाला प्रक्रियेची जागा दाखविलेली नाही, त्या आराखड्यास ग्रामसभेने संमती देऊ नये. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने ओढा-नाला वा विहिरीत दूषित पाणी सोडण्यास मनाई केली आहे आणि ती मनाई ग्रामपंचायतीलाही लागू आहे. कायद्याची भाषा शेवटी करावी, पण ती माहीत असावी.

पहिला उपाय घराच्या अंगणात

सर्वांत स्वस्त प्रक्रिया म्हणजे पाणी घरातच जिरविणे. जिथे परस आहे तिथे केळी, अळू, पपई, शेवगा यांची परसबाग करावी. जिथे जागा कमी आहे तिथे शोषखड्डा घ्यावा. नांदेड जिल्ह्यात २०१५-१६ च्या सुमारास रोजगार हमीच्या कामांतून घरोघरी असे खड्डे घेण्यात आले. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी हे गाव त्यासाठी राज्यभर ओळखले गेले. गटारे बंद झाली, साचलेले पाणी नाहीसे झाले आणि डास कमी झाले. लोक याला ‘जादूचा खड्डा’ म्हणू लागले. यात जादू काही नाही. जमिनीची पाणी पिण्याची ताकद आणि खड्ड्याच्या भिंतींचे क्षेत्रफळ यांचे ते साधे गणित आहे.

ते गणित असे. पाच माणसांच्या घरातून माणशी ३८ लिटरप्रमाणे रोज १९० लिटर सांडपाणी निघते. सव्वा मीटर, म्हणजे साधारण चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेतला तर चार भिंतींचे क्षेत्र सव्वासहा चौरस मीटर होते. तळ लवकर गाळाने बसतो, म्हणून तो हिशेबात धरीत नाहीत. पोयट्याच्या जमिनीत दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे ३० लिटर पाणी दीर्घकाळ मुरते असे आराखड्यात धरतात. म्हणजे १८७ लिटर. खड्डा पुरतो. वाळूसर जमिनीत हाच आकडा ५० पर्यंत जातो आणि लहान खड्डाही चालतो. पण भारी चिकण जमिनीत तो १० लिटरवर येतो. तेथे त्याच खड्ड्यात ६२ लिटरच मुरणार, म्हणजे एक तृतीयांश. उरलेले पाणी आठवड्याभरात वर येईल आणि लोक म्हणतील, शोषखड्डे निकामी आहेत.

विदर्भ-मराठवाड्यातील खोल काळ्या जमिनीत नेमके हेच घडले आहे. नांदेडचे पाहून सरसकट तोच खड्डा घेतला आणि जमीन पाहिली नाही. काळ्या थराखाली सहा-आठ फुटांवर मुरूम लागत असेल तर खड्डा मुरमापर्यंत न्यावा. तो लागत नसेल तर त्या गावाने शोषखड्ड्यावर सारा निधी घालू नये. खात्री करण्याची रीत सोपी आहे. ठरलेल्या जागी हातभर खोल खड्डा घेऊन आदल्या दिवशी पाण्याने भरून ठेवावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून तासाभरात पाणी किती बोटे उतरते ते पाहावे. गावात तीन-चार ठिकाणी असे केले की कोणत्या आळीत खड्डे चालतील आणि कोणत्या आळीत नाही हे उघड होते.

खड्ड्याच्या आधी लहान निवळण टाकी व जाळी हवीच. तेल, खरकटे व केस खड्ड्यात गेले तर दगडगोट्यांच्या फटी बुजतात. निवळण टाकी दर आठ-पंधरा दिवसांनी साफ करावी. हे काम घरातील बायकांच्याच अंगावर पडते, तेव्हा टाकी कोठे असावी हे त्यांना विचारून ठरवावे. तीन हात खोल टाकी कोणी साफ करणार नाही. पिण्याच्या विहिरीपासून किंवा हातपंपापासून खड्डा किमान १५ मीटर दूर असावा, आणि पावसाळ्यातही खड्ड्याच्या तळाखाली दीड-दोन मीटरपर्यंत भूजल येता कामा नये. आपल्याकडील काळा पाषाण भेगाळलेला असतो. अशा भेगांतून पाणी गाळले न जाता सरळ विहिरीत उतरते. म्हणून जिथे खडक वर आहे तिथे १५ मीटरवर समाधान न मानता अंतर वाढवावे.

उरलेल्या पाण्यासाठी तळे

दाट आळ्या, बाजारपेठ, काळ्या जमिनीचा भाग येथील पाणी गटारानेच न्यावे लागते. त्याच्या टोकाला स्थिरीकरण तळे ही खेड्याला परवडणारी पद्धत आहे. यात यंत्र नाही, वीज नाही. सूर्यप्रकाशात शेवाळ वाढते, ते प्राणवायू सोडते आणि त्या प्राणवायूवर जिवाणू घाण कुजवितात. तळे एकच मोठे न घेता एकापाठोपाठ दोन-तीन घ्यावीत, म्हणजे आलेले पाणी तसेच निसटून जात नाही. मधले तळे एक ते दीड मीटर आणि शेवटचे साधारण एक मीटर खोल असावे.

जागा किती लागेल? २,००० वस्तीच्या गावात सर्वच पाणी तळ्याकडे आले तर रोज ५५ लिटरच्या ७० टक्क्यांप्रमाणे ७७,००० लिटर येईल. दहा दिवस पाणी थांबवायचे तर ७७० घनमीटर साठा लागतो आणि सव्वा मीटर खोलीने सुमारे ६१६ चौरस मीटर, म्हणजे सहा गुंठ्यांहून थोडे अधिक पाण्याचे क्षेत्र. बांध व फिरण्याची वाट धरून दहा-बारा गुंठे. निम्म्या घरांनी पाणी घरीच जिरविले तर हीच गरज निम्म्यावर येते. म्हणूनच आधी शोषखड्डे व परसबागा, आणि मग उरलेल्या पाण्यासाठी तळे, हा क्रम उलटा करू नये.

या जागेचाच प्रश्न बहुधा अडतो. गायरानाची जमीन असली तर महसूल खात्याची रीतसर परवानगी आधी घ्यावी. काम सुरू झाल्यावर अडविले गेले तर निधीची मुदत निघून जाते. काही गावांत शेतकऱ्यांनी स्वतःची जागा दिली आहे आणि बदल्यात पाणी घेतले आहे. असे करणार असाल तर तोंडी बोलण्यावर राहू नये. जागा किती वर्षांसाठी, पाणी कोणाला, गाळ कोणाचा, तळे फुटले तर नुकसान कोण भरणार, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावे. ज्याच्या बांधावर आजवर घाण पाणी आले त्याला शुद्ध पाण्याची पहिली पाळी मिळावी, हे न्यायाला धरून होईल. लिलावाने पाणी विकणाऱ्या ग्रामपंचायतींनी याचा विचार करावा.

पंजाबात संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी गावोगाव लोकसहभागातून उभारलेली पद्धत याच जातीची आहे. तेथे गावचे पाणी एकापाठोपाठ तीन विहिरींतून नेऊन जड गाळ व तरंगणारी घाण अडवितात, मग ते तळ्यात सोडतात आणि तेथून पाइपाने शेतीला देतात. आपल्याकडे जमीन व उतार निराळा असल्याने नक्कल नको. पण घाण आधी अडवावी, मग पाणी तळ्यात घ्यावे, एवढे तत्त्व जरूर उचलावे.

हे पाणी शेतात वापरताना

रोजच्या ७७,००० लिटरमधून बाष्पीभवन व मुरणे वजा जाता साठ हजार लिटर हाती येते असे धरू. उन्हाळी चाऱ्याला रोज ५ मि.मी. पाणी द्यायचे तर हेक्टरी ५०,००० लिटर लागते. म्हणजे २,००० वस्तीच्या गावाच्या सांडपाण्यावर सव्वा हेक्टर, फार तर तीन एकर चारा उन्हाळ्यात जगेल. यावर गावाचे बागायत होईल असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. पण मार्च ते मेमध्ये तीन एकर हिरवा चारा ही लहान गावात थोडी गोष्ट नाही, आणि खालच्या विहिरी स्वच्छ राहतात हा लाभ त्याहून मोठा आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. गटाराजवळच्या विहिरींचे पाणी पिण्यापूर्वी त्यासाठी आणि रोगजंतूंसाठी अवश्य तपासावे. अधिक नायट्रेट असलेले पाणी तान्ह्या मुलांना विशेष घातक असते.

सांडपाणी म्हणजे खताचे पाणी, हा समजही अर्धवट आहे. मानवी मलमूत्रातील बहुतेक नत्र लघवीत असते आणि ते साध्या सांडपाण्यात येत नाही. म्हणून या पाण्यावरच्या पिकाचे नत्र कमी करण्याची घाई करू नये. उलट साबण व धुण्याच्या सोड्यामुळे सोडियम येतो. काळ्या जमिनीत सोडियम साचला की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि पृष्ठभागावर पापुद्रा धरतो. त्यासाठी वर्षातून एकदा, शक्यतो एप्रिलमध्ये, तळ्यातील पाण्याचा व शेतातील मातीचा नमुना तपासून घ्यावा. पाण्याची विद्युतवाहकता ०.७५ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असल्यास चिंता नाही. अवशेष सोडियम कार्बोनेट १.२५ पर्यंत सुरक्षित, २.५० च्या वर अयोग्य. मधल्या पाण्याला विहिरीचे पाणी मिसळावे, एकाआड एक पाळी द्यावी आणि माती परीक्षणानुसार जिप्सम टाकावे. शेतातून निचऱ्याचा चर असल्याखेरीज भारी जमिनीत हे पाणी देऊच नये.

पिके कोणती? संकरित नेपियर, चाऱ्याचा मका, ज्वारी, बांबू, साग, कापूस, ऊस यांना हे पाणी द्यावे. कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, काकडी, टोमॅटो यांना देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खाण्याच्या पिकांसाठी १०० मि.लि. पाण्यात मलजन्य जंतू १,००० पेक्षा अधिक नसावेत आणि लिटरमागे जंतांचे अंडे एकाहून अधिक नसावे, असे मार्गदर्शन केले होते. आपल्या तळ्याचे पाणी दर महिन्यास असे तपासले जाणार नाही, तेव्हा भाजीपाला वर्ज्य करणे हाच शहाणपणा. चाऱ्याला कापणीपूर्वी दोन आठवडे हे पाणी बंद करावे. तुषार सिंचन टाळावे, सरीतून पाणी द्यावे. ठिबक वापरल्यास गाळणी रोज धुवावी लागते, अन्यथा शेवाळाने तोट्या बंद पडतात. पाणी देणाऱ्याने गमबूट घालावेत. अनवाणी दारे धरण्याची सवय येथे महागात पडते.

बांधकामानंतरचा खर्च

आता ज्या ठिकाणी बहुतेक योजना बसतात त्याकडे वळू. शासनाचा निधी बांधण्यासाठी असतो. चालविण्याचा खर्च स्थानिक संस्थेने करावयाचा असतो. हे फक्त खेड्यांचे दुखणे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्रातील शहरांत रोज ९,१०७ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होते. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ६,८९० दशलक्ष लिटर होती आणि प्रत्यक्ष प्रक्रिया ४,२४२ दशलक्ष लिटरवरच होत होती. म्हणजे पैसा खर्च होऊन, यंत्रे बसूनही रोज अडीच हजार दशलक्ष लिटरहून अधिक क्षमता उपयोगात येत नव्हती.

शहरांना निधी कमी मिळाला असे म्हणता येणार नाही. पुण्याच्या मुळा-मुठा नदी सुधार प्रकल्पाला जपानच्या सहकार्य संस्थेच्या कर्जातून ९९० कोटी रुपये मंजूर झाले. त्यातील ८५ टक्के भार केंद्राने उचलला आणि ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ केंद्रे त्यात धरली होती. एक लाखाखालील नगरपालिकांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशन (नागरी) २.० मध्ये वापरलेल्या पाण्याच्या कामांना केंद्राचा ५० टक्के वाटा ठेवला होता. ज्यांची शेती तालुक्याच्या गावाखाली नाल्याकाठी आहे त्यांनी आपल्या नगरपालिकेने यातून काय केले, केंद्र दिवसातून किती तास चालते, हे विचारावे. शेतकऱ्याने असे विचारण्याचा प्रघात नाही, पण ते पाणी शेवटी त्याच्याच मोटरीत येते.

खेड्याच्या बाबतीत यातून धडा एवढाच घ्यावा की ज्याला वीज लागते ते शक्यतो घेऊ नये. तळ्यातून पाणी उचलण्यास ३ अश्वशक्तीचा पंप रोज ५ तास चालविला तरी महिन्याला साडेतीनशे ते चारशे युनिट वीज लागते. ते बिल ग्रामपंचायतीच्या कोणत्या खात्यातून भरणार? दोन बिले थकली की जोडणी तुटते, तळे भरून वाहते आणि पाणी पुन्हा जुन्या बांधावर येते. उताराने शेतात पाणी जाईल अशी जागा मिळत असेल तर ती दूर असली तरी घ्यावी. पंप लागतच असेल तर पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाने बिल भरण्याची लेखी हमी आधी द्यावी.

तळ्याला देखभाल फार नाही, पण आहे. काठचे गवत महिन्याला कापावे, नाही तर त्यात डास होतात. गप्पी मासे सोडावेत. जलपर्णी व टिकली शेवाळ दिसताच काढावे, कारण त्याने पाण्यावर पांघरूण पडते, सूर्यप्रकाश अडतो आणि तळे सडते. पहिल्या तळ्यातील गाळ ठराविक वर्षांनी काढावा लागतो. तो वाळवून चाऱ्याच्या व झाडांच्या शेतात घालावा. यासाठी एक माणूस नेमून त्याची मजुरी पाणीपट्टी-घरपट्टीच्या उत्पन्नातून वर्षाच्या अंदाजपत्रकात दाखविली पाहिजे. अंदाजपत्रकात ही ओळ नसेल तर तळे दोन पावसाळ्यांच्या पुढे जाणार नाही असे खुशाल समजावे.

ग्रामसभेत काय विचारावे

ग्रामपंचायत विकास आराखड्यात सांडपाण्याचे काम आल्याशिवाय निधी मिळत नाही, आणि आराखडा ग्रामसभेपुढे ठेवावाच लागतो. ग्रामसभेला बहुधा गावठाणातील मंडळी जमतात. मळ्यात राहणारा, उताराचा शेतकरी त्या दिवशी पाण्याच्या पाळीवर असतो. आराखडा त्याच्या शेताकडे बोट दाखवितो आणि तो तिथे नसतो.

म्हणून सभेच्या आठ दिवस आधी ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) यांना भेटून कामाचा नकाशा व अंदाजपत्रक पाहण्यास मागावे. सरपंच, कनिष्ठ अभियंता व चार शेतकरी मिळून गटाराच्या तोंडापासून नाल्यापर्यंत एकदा पायी फिरावे. पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोणती विहीर किती अंतरावर आहे हे त्या फेरीत जेवढे कळते तेवढे कागदावर कळत नाही. सभेत चार गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. किती घरांचे पाणी घरीच मुरणार? उरलेल्या पाण्याचा शेवट कोणत्या गटात? बंधित अनुदानातील स्वच्छतेची रक्कम यंदा किती आली व कशावर गेली? आणि पुढील पाच वर्षे देखभालीचा पैसा कोठून येणार? ग्रामपंचायतींच्या खर्चाच्या नोंदी केंद्र शासनाच्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणासही पाहता येतात. घरातील शिकलेल्या मुला-मुलींकडून आपल्या गावचे पान काढून घेऊन सभेला जावे.

पाण्याचा नमुना घेण्यासाठी एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी. त्यावर गाव, गट क्रमांक, नमुन्याची जागा व तारीख लिहून ती त्याच दिवशी जिल्ह्याच्या माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पोहोचवावी. रोगजंतूंच्या तपासणीसाठी मात्र ही बाटली चालत नाही. त्याकरिता निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आधी मागून आणावी. नमुना दोन जागचा घ्यावा, एक गटाराच्या तोंडाचा व एक आपल्या विहिरीचा. तळे होण्यापूर्वीचा हा अहवाल जपून ठेवावा, म्हणजे तळे झाल्यावर विहिरीचे पाणी सुधारले की नाही हे त्याच्याशी ताडून पाहता येईल.